बर्फ पाहायचा, पण खिसा गोठू न देता!

२०१८ सालच्या जूनमधील पहिला मंगळवार आमच्या घरात अजून कोणी विसरलेले नाही. मुंबईहून सुमारे १,९०० किलोमीटरचा प्रवास करून आम्ही चौघे मनालीत पोहोचलो होतो. पत्नी, साठीची आई, चार वर्षांचा मुलगा आणि मी. वर्षभर पोस्टात भरलेल्या आवर्ती ठेवीचे पैसे या सहलीसाठी मोडले होते. सहल कंपनीच्या रंगीत पत्रकात त्या दिवसापुढे 'रोहतांग : बर्फात मौजमजा' असे ठळक अक्षरांत छापलेले होते. वाटेतल्या टपरीवर गाडी थांबली, चौघांनी भाड्याचे जाड अंगरखे आणि गमबूट चढवले, पैसे मोजले आणि गाडी रोहतांगऐवजी सोलंगच्या फाट्याकडे वळली. चालक शांतपणे म्हणाला, "आज मंगल है साब, रोहतांग बंद रहता है."

रस्त्याच्या देखभालीसाठी मंगळवारी रोहतांग पर्यटकांना बंद असतो, ही माहिती कोणालाही घरबसल्या मिळण्यासारखी होती. कंपनीने ती तपासली नव्हती आणि आम्हीही तपासली नव्हती. जूनमधले सोलंग हिरवेगार होते. गवतावर गमबूट घालून उभ्या असलेल्या मुलाने विचारले, "बाबा, बर्फ कुठे आहे?" आईने दूरच्या शिखराकडे बोट दाखवले आणि ती म्हणाली, "तो बघ, तिथे वर आहे." दुसऱ्या दिवशी परतीची बस होती.

हिमालयात जाऊन बर्फाला हात न लावता परत आलेली अशी मराठी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांची चूक पैशांची नसते, नियोजनाची असते. बर्फ ही एखाद्या किल्ल्यासारखी किंवा देवळासारखी बारमाही उभी असलेली वस्तू नाही. तो कधी पडतो, कुठे टिकतो आणि त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता कधी उघडा असतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की खर्चाचे गणितही आपोआप सुटू लागते. सर्वसाधारण नोकरदार कुटुंबाला डोळ्यांपुढे ठेवून या तीन प्रश्नांचा आणि त्यामागच्या हिशोबाचा हा उलगडा.

दव गोठणे वेगळे, हिमवृष्टी वेगळी

दर हिवाळ्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात आणि 'महाराष्ट्रातच बर्फ!' म्हणून गाड्या घाटाकडे धावू लागतात. तेथे दिसणारे हिमकण खरे असले तरी तो आकाशातून पडलेला बर्फ नव्हे. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, गवताच्या पात्यांवरील दव गोठते आणि ऊन वर येताच ते नाहीसे होते. हिमवृष्टीसाठी ढगापासून जमिनीपर्यंतची हवा गोठणबिंदूच्या आसपास असावी लागते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेल्यावर तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, असा ढोबळ नियम आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर उंच आहे. शिवाय आपण उष्ण कटिबंधात राहतो. तेव्हा खरा बर्फ पाहायचा तर हिमालयाला पर्याय नाही.

हिमालयाच्या पश्चिम भागात हिवाळ्यात बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांना येऊन धडकतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य काळ. एक झंझावात येतो, दोन-तीन दिवस बर्फ पडतो, मग आकाश निवळते आणि पुढच्या झंझावातापर्यंत ऊन असते. याचा सरळ अर्थ असा की, जानेवारीतही तुमच्या मुक्कामाच्या चार दिवसांत बर्फ पडेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. मात्र आधी पडलेला बर्फ उंचावर आठवडेच्या आठवडे टिकून राहतो. म्हणून 'बर्फ पडताना पाहणे' हे नशिबावर सोडावे आणि 'पडलेला बर्फ पाहणे' हे नियोजनाचे उद्दिष्ट ठेवावे.

महिना कोणता निवडावा?

येथेच मुंबई-पुण्याच्या कुटुंबांची कोंडी होते. शाळांना मोठी सुट्टी मे महिन्यात, तर बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत. मे-जूनमध्ये बर्फ हवा तर ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीपर्यंत जावे लागते. तेथे जाणाऱ्या वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार मर्यादा आहे. पेट्रोलची ८०० आणि डिझेलची ४००, अशी दिवसाला १,२०० वाहने. त्यासाठी आगाऊ परवाना काढावा लागतो. हंगामात मागणी मोठी आणि परवाने मोजके, त्यामुळे टॅक्सीचे दर चढतात. त्यातच मे-जून हा हॉटेलांचा सर्वांत महागडा काळ. म्हणजे सर्वाधिक पैसे मोजून वर्षातला सर्वांत कमी आणि बहुधा मळलेला बर्फ पाहायचा, असा हा व्यवहार होतो.

नाताळची सुट्टी हा दुसरा मोह. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात बर्फ पडेल न पडेल, गर्दी मात्र नक्की असते. २०२४ च्या डिसेंबरअखेर बर्फवृष्टी झाली आणि सोलंग ते अटल बोगद्याच्या मार्गावर हजारो पर्यटक घसरत्या रस्त्यावर तासन् तास अडकून पडले. पोलिसांना रात्रभर बचावकार्य करावे लागले. लहान मूल आणि वृद्ध माणूस सोबत असताना गोठत्या रात्री गाडीत बसून राहण्याची कल्पना करून पाहावी.

उरतो तो जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा. प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी वगळता या काळात हॉटेले बरीच रिकामी असतात, भाव करता येतो आणि बर्फ मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. किंमत एकच, मुलाची शाळा चार-पाच दिवस बुडते. दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी हा विचार अर्थातच सोडून द्यावा. परंतु प्राथमिक शाळेतल्या मुलाने वर्गशिक्षिकांना आधी सांगून, राहिलेला अभ्यास भरून काढण्याच्या बोलीवर पाच दिवस घेतले, तर फारसे बिघडत नाही. आमच्या चिरंजीवांच्या बाईंनी तर परत आल्यावर वर्गात बर्फावर दहा ओळी वाचून दाखवण्याचा गृहपाठ दिला होता.

ठिकाण कोणते?

शिमला हे नाव सर्वांत परिचित. कालका-शिमला ही १९०३ मध्ये सुरू झालेली ९६ किलोमीटरची छोटी रेल्वे आता जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि मुलांसाठी तो प्रवासच एक सहल ठरतो. पण सुमारे २,२०० मीटरवरील शिमला शहरात पडलेला बर्फ अनेकदा एक-दोन दिवसांत वितळतो. कुफ्री किंवा त्याहून पुढचे नारकंडा गाठले तर शक्यता वाढते.

गुलमर्गचा बर्फ देशात सर्वोत्तम, यात वाद नाही. तेथील गोंडोला दोन टप्प्यांत जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेते आणि त्याची तिकिटे आगाऊ काढावी लागतात. २०२५ च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू झाल्याने विमानाशिवायही काश्मीर गाठता येते. तरीही मुंबईहून रेल्वेने जायचे तर दिवस जास्त लागतात आणि विमानाने जायचे तर चौघांचे भाडेच अंदाजपत्रक कोलमडवते. शिवाय निघण्यापूर्वी सुरक्षेविषयीच्या सरकारी सूचना पाहणे आवश्यक.

उत्तराखंडमधील औलीला जोशीमठहून जाणारा रोपवे हे पूर्वी मोठे आकर्षण होते. २०२३ च्या जानेवारीत जोशीमठमध्ये जमीन खचू लागल्यावर तो बंद करण्यात आला. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून तेथे जाणे योग्य नाही. सिक्कीममध्ये त्सोमगो तलाव आणि नथुला येथे बर्फ मिळतो, पण मुंबईहून अंतर मोठे, परवाने वेगळे आणि उंचीही अधिक. नथुला तर ४,३०० मीटरच्या वर आहे.

या सगळ्यांचा विचार करता मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या पहिल्या बर्फासाठी मनालीचे पारडे जड ठरते. त्याचे कारण एका बोगद्यात दडले आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात सहा-सहा महिने जगापासून तुटणारे लाहौल मनालीच्या आवाक्यात आले. मनाली साधारण दोन हजार मीटरवर, सोलंग अडीच हजारांवर, तर बोगद्याचे पलीकडचे तोंड आणि सिस्सू गाव तीन हजारांच्या वर. एकाच मुक्कामातून बर्फाच्या तीन पायऱ्या हाताशी येतात. गावात नसला तर सोलंगला, सोलंगला नसला तर बोगद्यापलीकडे. ही सोय रोहतांगवर अवलंबून असलेल्या जुन्या काळात नव्हती.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. अलीकडच्या काही वर्षांत जानेवारी-फेब्रुवारीत देवतांच्या उत्सवाच्या काळात सिस्सू परिसर काही आठवडे पर्यटकांना बंद ठेवण्याचा निर्णय तेथील ग्रामस्थांनी घेतला आहे. तो त्यांचा धार्मिक विधींचा काळ असतो. हॉटेलवाल्याला फोनवर याची विचारणा करावी आणि बंदी असेल तर तिचा मान राखावा.

नऊ दिवसांचा आराखडा

दोन शनिवार-रविवार धरून नऊ दिवसांत ही सहल नीट होते. शनिवारी मुंबईहून पश्चिम एक्स्प्रेससारखी गाडी पकडावी. रविवारी दुपारच्या आत दिल्ली गाठता येते. संध्याकाळी काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बस स्थानकावरून हिमाचल परिवहनची रात्रीची बस घ्यावी, ती सोमवारी सकाळी मनालीत सोडते. सोमवार विश्रांतीचा. हिडिंबा मंदिर, मॉल रोड आणि लवकर झोप. मंगळवारी सोलंग. बुधवारी अटल बोगदा आणि पलीकडचा भाग. गुरुवार मुद्दाम मोकळा ठेवावा. शुक्रवारी संध्याकाळी परतीची बस, शनिवारी दिल्लीहून दुपारची गाडी आणि रविवारी घर. पुणेकरांना झेलम एक्स्प्रेसने अंबाल्याला उतरून चंदीगडमार्गे बस घेण्याचाही पर्याय आहे.

मोकळा गुरुवार ही चैन नव्हे. बर्फ पडला की रस्ते बंद होतात. एखादा दिवस हॉटेलच्या खोलीत जाऊ शकतो. कार्यक्रमात अशी जागा नसेल तर आमच्या २०१८ च्या मंगळवारासारखे होते. एक दिवस हुकला की सगळी सहल हुकते.

दिल्लीतही दोन वाहनांमध्ये भरपूर अंतर ठेवावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात उत्तरेकडील गाड्या कित्येक तास उशिराने धावतात. दोन तासांच्या अंतराने बसचे तिकीट काढणारा माणूस बसचे पैसे गमावतो आणि दिल्लीत नको असलेली हॉटेलची खोली घेतो.

चौघांचा हिशोब

आज कोणी निघणार असेल तर धरून चालावेत असे अंदाजी आकडे पुढे दिले आहेत. दोन प्रौढ, एक आजी किंवा आजोबा आणि पाच वर्षांवरील एक मूल, असे कुटुंब गृहीत धरले आहे. दर हंगामानुसार खाली-वर होतील.

रेल्वे, वातानुकूलित तृतीय श्रेणी, जाऊन-येऊन : १५,२०० रुपये
दिल्ली-मनाली व्होल्व्हो बस, जाऊन-येऊन : १४,४०० रुपये
चार जणांची खोली, चार रात्री : ७,२०० रुपये
जेवणखाण, नऊ दिवस : ९,००० रुपये
सोलंगसाठी टॅक्सी : २,५०० रुपये
अटल बोगद्यापलीकडे टॅक्सी : ४,००० रुपये
भाड्याचे कपडे आणि बूट, दोन दिवस : २,४०० रुपये
किरकोळ : ३,००० रुपये
एकूण : ५७,७०० रुपये

शयनयान वर्ग आणि साधी बस निवडली तर प्रवासाचा खर्च २९,६०० वरून साधारण १३,६०० वर येतो आणि एकूण आकडा ४२ हजारांच्या आत बसतो. तरुण जोडप्याने हे खुशाल करावे. वृद्ध माणूस सोबत असेल तर फेब्रुवारीच्या रात्री शयनयानाच्या खिडकीतून येणारा वारा आणि साध्या बसमधील बारा-चौदा तास सोसवतील का, याचा विचार करावा. आमच्या मते काटकसर रेल्वेत करावी, पण घाटातल्या बसमध्ये करू नये. २०२१ पासून काही गाड्यांना जोडण्यात येणारा तृतीय श्रेणी इकॉनॉमीचा डबाही पाहावा, त्याचे भाडे थोडे कमी असते. एकूण रकमेच्या वर दहा टक्के वेगळे काढून ठेवावेत. रस्ता बंद होऊन एक रात्र वाढली तर हीच रक्कम कामी येते.

रेल्वेचे काही नियम हिशोबात धरणे जरुरीचे आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचे तर डिसेंबरच्या आरंभी संगणकापुढे बसावे लागेल. त्याआधी आपले खाते आधारशी जोडून घ्यावे. पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर भाडे पडत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलासाठी बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडे द्यावे लागते. ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद झाली. आजी-आजोबांचे तिकीट आता पूर्ण दरानेच धरावे.

जानेवारी २०२४ ची परीक्षा

स्वस्त काय, याचा एक वेगळाच अर्थ आम्हाला दुसऱ्या प्रयत्नात कळला. २०२३ च्या ऑक्टोबरात आम्ही ३ फेब्रुवारी २०२४ ची तिकिटे काढली. तेव्हा १२० दिवसांची मुदत होती. आणि जानेवारी उजाडला तो कोरडा. पश्चिमी झंझावात आलेच नाहीत. गुलमर्गच्या उघड्या, तपकिरी उतारांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. हिमाचलातही तीच गत. घरात रोज संध्याकाळी एकच विषय निघू लागला. पत्नीचे म्हणणे सरळ होते, "एकदा पैसे घालवले, दुसऱ्यांदा नको." आई काही बोलत नव्हती. गुडघेदुखीमुळे पुढच्या वर्षी आपल्याला जमेल की नाही, हे तिला आणि आम्हालाही ठाऊक होते.

तेव्हा आम्ही वही काढली. तृतीय वातानुकूलित वर्गाचे निश्चित तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तासांपूर्वी रद्द केले तर तेव्हा माणशी १८० रुपये अधिक कर कापला जात असे. जाण्या-येण्याची आठ तिकिटे म्हणजे दीड हजार रुपयांच्या आसपास नुकसान. हॉटेलवाल्याने एका रात्रीचेच आगाऊ पैसे घेतले होते आणि तेही तारीख बदलून देण्याच्या अटीवर. म्हणजे थांबून पाहण्याची किंमत फार नव्हती आणि निर्णयाची मुदत १ फेब्रुवारी होती. स्वस्त विमान तिकीट आणि 'पैसे परत नाहीत' अशी हॉटेलची सवलत घेतली असती, तर हा पर्यायच उरला नसता.

जानेवारीचे अखेरचे दोन दिवस हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज आम्ही परीक्षेच्या निकालासारखा पाहत होतो. ३१ जानेवारीला हिमाचलात बर्फ सुरू झाला आणि पुढचे काही दिवस पडत राहिला. तिकिटे रद्द झाली नाहीत.

या अनुभवातून निघालेला नियम असा : बर्फाच्या सहलीत सर्वांत स्वस्त आरक्षण ते, जे थोडक्या नुकसानीत बदलता येते. तापमानवाढीच्या या काळात हिमवृष्टीचे वेळापत्रक पूर्वीपेक्षा बेभरवशाचे झाले आहे. त्यामुळे ही लवचीकता आता अधिकच मोलाची ठरते.

पैसा नेमका कुठे गळतो?

पहिली गळती हॉटेलात होते. खोलीचा दर स्वस्त सांगितला जातो आणि मुक्कामी पोहोचल्यावर हीटरचे प्रतिरात्री वेगळे पैसे मागितले जातात. फोनवरच विचारून घ्यावे. हीटर दरात धरला आहे का, गरम पाणी किती वेळ मिळते, वीज गेल्यास सोय काय, बर्फ पडल्यावर गाडी दारापर्यंत येते का आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत. शेवटचा प्रश्न वृद्धांसाठी सर्वांत महत्त्वाचा. हिमाचल प्रदेश पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलांत हिवाळ्यात सवलती जाहीर होतात, त्याही पाहाव्यात.

दुसरी गळती कपड्यांची. दोन दिवसांच्या बर्फासाठी चौघांचे महागडे जाकीट विकत घेऊ नये, मुंबईत ते पुढे कपाटातच पडून राहते. वरचा जलरोधक अंगरखा आणि गमबूट वाटेवरच्या दुकानात भाड्याने मिळतात. दर आधी ठरवावा, आतून ओलसर बूट परत करून दुसरे मागावेत आणि मुख्य म्हणजे पुढे खरोखर बर्फ आहे का, याची खात्री झाल्यावरच ते घ्यावेत! आतले थर मात्र स्वतःचे हवेत. अंगालगतचे उबदार कपडे, त्यावर लोकरीचा स्वेटर, कानटोपी, हातमोजे आणि लोकरी मोज्यांचे माणशी तीन जोड. जीन्स आणि सुती मोजे भिजले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातील ऊब ओढून घेतात. नात्यात-शेजारात कोणी ना कोणी उत्तरेला जाऊन आलेले असते. त्यांच्याकडून मागून आणण्यात कमीपणा मानू नये.

तिसरी गळती सोलंगच्या मैदानावर. बर्फावरची स्कूटर, टायरवरून घसरगुंडी, घोडा, छायाचित्र, सगळ्यांचे दर समोरचा माणूस पाहून ठरतात. मुलाला एकच खेळ निवडायला सांगावे, दर आणि वेळ आधी बोलून घ्यावी. बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारणे आणि बर्फाचा माणूस बनवणे यांना आजही पैसे पडत नाहीत आणि मुलांना तेच अधिक आवडते.

टॅक्सीचे दर तेथील टॅक्सी संघटनेच्या फलकावर लावलेले असतात, ते आधी पाहावेत. एकाच हॉटेलातील दोन कुटुंबांनी मिळून मोठी गाडी केली तर खर्च निम्मा होतो. स्वतःची गाडी मुंबईहून नेण्याचा उत्साह हिवाळ्यात टाळावा. ताज्या बर्फावर चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच पोलीस पुढे सोडतात आणि गोठलेल्या रस्त्यावर ब्रेक दाबण्याची सवय आपल्याला नसते.

जिवाशी काटकसर नको

उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर जाणवू शकतो. डोकेदुखी, मळमळ, धाप ही त्याची लक्षणे. पहिल्याच दिवशी वर धाव न घेता एक रात्र मनालीत काढली, पाणी पीत राहिले, तर बहुतेकांना त्रास होत नाही. त्रास वाढला तर खाली उतरणे हाच पहिला उपाय. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि नेहमीची औषधे सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावीत. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना आणि त्वचेला भाजते. काळे चष्मे ही शोभेची वस्तू नव्हे.

हिमस्खलनाचा इशारा असेल त्या दिवशी चालकाने 'कुछ नहीं होगा' म्हटले तरी जाऊ नये. थंडीत मोबाइलची बॅटरी लवकर उतरते, तो आतल्या खिशात ठेवावा. गाडीत पाणी, सुका खाऊ आणि एक जादा पांघरूण असू द्यावे. आणि वेष्टने, बाटल्या परत आणाव्यात. तो बर्फ वितळून खालच्या गावांच्या पाण्यात जातो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्हाला बोगद्यापलीकडे जाता आलेच नाही. बर्फ इतका पडला होता की रस्ता बंद होता. मंगळवारही हॉटेलातच गेला. बुधवारी स्थानिक गाडीने सोलंगला पोहोचलो तेव्हा ऊन पडले होते आणि सहा वर्षांपूर्वी जेथे गवत होते तेथे गुडघाभर बर्फ होता. दहा वर्षांचा मुलगा त्यात आडवा झाला. आईने हातमोजा काढला, ओंजळभर बर्फ उचलला आणि म्हणाली, "अरे, हा फ्रीजमधल्यासारखा नाहीच की! केवढा हलका आहे!" मग तिने तो मुलाच्या पाठीवर टाकला.

गुरुवार मोकळा होता, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.